लाभ, दोन, तीन

माणसाचे नाव अजिबात लक्षात न ठेवता त्याच्याशी आयुष्यभर जिवाभावाचे संबंध ठेवता येतात, हे सिद्ध करून दाखवणारा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझ्या शेजारच्या गाळ्यात बसत असे. लोणावळ्याच्या बाजारातून स्टेशनकडे जाताना चिक्कीची दुकाने जरा विरळ होतात, तिथे एक बोळ आहे. त्या बोळात माझा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचा, आणि त्याला लागून पेंटरांचा गाळा. पेंटर म्हणजे चित्रे काढणारे नव्हेत, आणि भिंतींना रंग देणारेही नव्हेत. हे आकडे काढायचे. गाड्यांच्या नंबरप्लेटी, विजेच्या खांबांवरचे क्रमांक, बंगल्यांच्या फाटकांवरचे नंबर, पाण्याच्या टाकीवरची लिटरे, शाळेच्या भिंतीवरचे पाढे. अक्षरे लागलीच तर काढत, पण उपकार केल्यासारखी. "अक्षराचं काय, भाऊ," ते म्हणत, "वाकडं आलं तरी लोक समजून घेत्यात. आकडा चुकला की मानूस दुसऱ्याच्या दारात." मी अक्षरांवर पोट भरणारा माणूस. हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकवले जाई.

नावांचे म्हणाल तर त्यांनी ती कधी मनावरच घेतली नाहीत. ज्याची नंबरप्लेट त्यांनी रंगवली तो माणूस त्यांच्या दृष्टीने त्या नंबराचाच झाला. माझ्या पुतणीच्या लग्नात ते मांडवाच्या दाराशी उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ओळखी करून देऊ लागले. "ह्ये पंचेचाळीस बारा. आन् ह्ये त्यांचे साडू, सत्तर नव्व्याण्णव." मुलाकडची मंडळी पुण्याची. त्यांना वाटले, आमच्याकडे पाहुण्यांना मानपानासाठी टोकन देण्याची पद्धत आहे. एकाने हळूच विचारले, आमची कुठे मिळतील? पंचेचाळीस बारांनी पुढे आपली जीप विकली, तेव्हा पेंटरांनी त्यांना रस्त्यात ओळख देणे बंद केले. मी बोललो तर म्हणाले, "गाडी इकली त्यांनी. मग वळख ऱ्हानार कशी?" यात राग नव्हता. हिशेब सरळ होता.

प्रत्येक आकड्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. पाच हा भांडकुदळ, त्याला दोन पाहुण्यांच्या मध्ये बसवू नये. सात पोटात पाय घेऊन झोपणारा आळशी. सहा म्हणजे आरशात तोंड पाहणारा तीन, त्यामुळे दोघांना शेजारी काढले की तिनाला आपली चूक कळते. आठ जेवल्याखेरीज काढायचा नाही, कारण उपाशी माणसाचा आठ उतारावरून घसरतो. दुसऱ्या कुणी काढलेला आकडा दिसला की ते थबकत, मान तिरकी करत आणि त्यात खोट काढत. माझे अॅपेंडिक्सचे ऑपरेशन झाले तेव्हा दवाखान्यात भेटायला आले. आल्या आल्या माझ्याकडे न बघता खाटेवरच्या नंबराकडे बघत राहिले. "सहाचं प्वाट फुगलंय, भाऊ. ह्या खाटंवर मानूस बरा कसा व्हायचा?"

"मला तर नाही दिसत फुगलेलं," मी म्हटले.

"तुमाला न्हाई दिसायचं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ब्रश आणि डबी घेऊन आले, सिस्टरबाईंना मावशी मावशी करून गुंडाळले आणि त्या सहाचे पोट बसवून गेले. मी पाचव्या दिवशी घरी आलो. याचे श्रेय डॉक्टरांना द्यावे असे त्यांना आजही वाटत नाही.

पण सगळ्यांत जास्त वचक होता तो एकाचा. मला वाटायचे, एक काढायला काय लागते? वर एक छोटा वळसा, खाली एक शेपटी. पेंटर म्हणत, तेच तर. "बाकीच्या आकड्यांना वळनं हायेत, वळनात हाताची चूक जिरती. एकाला लपाया जागा न्हाई. त्यातनं जोडीला कुनी असंल तर त्याच्या आधारानं हुबा ऱ्हातो. एकटा एक काढून दाखवावा, मग मानसाला पेंटर म्हनावं." म्हणून रोज सकाळी गाळा उघडला की पहिले काम एकच. दारामागे एक काळी फळी टांगलेली असे, तिच्यावर पांढऱ्या रंगात, एका दमात, हात न उचलता, एकटा एक. मग मागे सरकून बघायचे, चिंधीने पुसायचे आणि उदबत्ती लावायची. हा एक ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी ब्रश खाली ठेवायचा, अशी त्यांनी शपथच घेतली होती, आणि ती बोळातल्या सगळ्यांना पाठ होती.

ही शपथ पुढे अडचणीची झाली. नंबरप्लेटी कारखान्यातून ठोकून येऊ लागल्या, बंगल्यांचे नंबर पितळेत आले, पाट्या फ्लेक्सवर गेल्या. गाळ्यात दिवसदिवस गिऱ्हाईक नसे. पेंटरांचा मुलगा तळेगावच्या एका कंपनीत, स्वभावाने चांगला, पण त्याला त्या जागेवर पर्यटकांसाठी मक्याच्या भज्यांचे दुकान टाकायचे होते. तो म्हणे, "आबा, आता बस्स झालं की." पेंटर म्हणत, "एक मोडंल त्या दिशी चावी घे. तवर इचारू नगंस." त्यामुळे मुलगा रविवारी आला की आधी फळीकडे बघायचा. बापाचा हात थरथरावा असे त्याच्या मनात नव्हते, पण नजर जायची खरी. आणि बाप त्याला दाखवायला म्हणून रविवारचा एक दुपारपर्यंत पुसत नसे.

मोजण्याची त्यांची एक वेगळीच तऱ्हा होती. घर बेगडेवाडीच्या अलीकडे, भातशेतीचे. आमच्या मावळात खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असे माप पुढे जाते. नव्या पिढीला हे ठाऊक नाही, कारण नव्या पिढीचे भात थेट पोत्यात जाते. पेंटरांनी मात्र खळ्यावरची ही रीत सगळ्या जगाला लावली होती. चहाचे कप, पायऱ्या, पेढे, सगळे लाभपासून. एकदा त्यांनी आम्हा घरच्यांना नव्या तांदळाच्या जेवणाला बोलावले. लोकल बेगडेवाडीला थांबली आणि ते आम्हाला मोजून उतरवून घेऊ लागले. पहिल्या माझ्या सासूबाई उतरल्या. "लाभ," पेंटर म्हणाले. सासूबाईंना आजवर कुणी असे म्हटले नव्हते, निदान मी तरी नाही. तेव्हापासून त्यांच्या मते लोणावळ्यात सभ्य माणूस एकच. मागून उतरलेल्या माझ्या बायकोला 'दोन' मिळाले, ते ती अजून काढते.

अशा माणसाच्या आयुष्यात सिनेमा यावा, आणि तोही आकड्याने पछाडलेल्या माणसाचा, हा योगच म्हणायचा. चारेक वर्षांपूर्वी मुंबईची एक कंपनी वलवणला धरणाकाठचा एक जुना बंगला घेऊन उतरली. त्यांच्यातली आर्टचे काम बघणारी एक मुलगी, जिला सगळे मॅडम म्हणत, माझ्याकडे जुन्या वळणाच्या पावत्या छापायला आली. प्रत्येक पावतीचा नंबर सदतीस. मी विचारले, तेव्हा तिने गोष्ट सांगितली. एक निवृत्त कारकून एकट्याने त्या बंगल्यात राहायला येतो. त्याला सगळीकडे सदतीस दिसू लागतो, घड्याळात, औषधाच्या बाटलीवर, मेलेल्या बायकोच्या पत्रांतल्या तारखांच्या बेरजेत. तो भिंतींवर सदतीस लिहीत सुटतो आणि शेवटी बंगल्यापासून धरणाच्या पाण्यापर्यंत गेलेल्या सदतीस दगडी पायऱ्या मोजत उतरतो. पाण्याशी काय होते ते ती सांगायला तयार नव्हती. भिंतींवर आकडे काढायला कुणी आहे का, असे तिने विचारले. मी तिला हाताला धरून शेजारी नेले म्हटले तरी चालेल.

पेंटरांनी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "ह्याचं चुकलं कुटं, सांगू का? एकाच आकड्याच्या नादी लागला. समद्यांला सारका जीव लावला असता तर काय बी झालं नसतं." मॅडमनी हे वाक्य वहीत लिहून घेतले.

पहिल्याच दिवशी खटका उडाला. पेंटरांनी दिवाणखान्याच्या एका भिंतीवर शंभरेक सदतीस काढले, एकसारखे, ओळीत, सातांची पोटे एका सुतात. दिग्दर्शक टोपी काढून डोके खाजवत उभा राहिला. त्याला वेड्याचा हात हवा होता, वाकडातिकडा, ओरबाडलेला. पेंटरांनी प्रयत्न केला. डोळे मिटून काढला, डाव्या हाताने काढला, एकदा दोन बोटांत ब्रश धरून पाठमोरे होऊन काढला. डाव्या हाताचा सातसुद्धा माझ्या छापखान्यातल्या सातापेक्षा देखणा आला. शेवटी ब्रश पुसून ते दिग्दर्शकाला म्हणाले, "सायेब, राग मानू नका. पन यडा मानूस आकडा वाकडा काढंल हे तुमाला कुनी सांगितलं? ज्याला आकड्याचं याड लागलंय त्यो नीटच काढनार. वाकडा शाना मानूस काढतो, त्याला दुसरी कामं असत्यात." दिग्दर्शकाने टोपी परत डोक्यावर घातली. मग त्याने सगळ्या भिंती तशाच, ओळीत, काढायला सांगितल्या. सिनेमा पाहिलेले लोक सांगतात की त्या सरळ ओळींचीच भीती वाटते. बोळात मात्र याहून मोठी बातमी ही होती, की पेंटरांना काम आहे आणि मुलगा तीन रविवार फळीकडे न बघता परत गेला.

पायऱ्यांचे काम राहिले होते. खाली पाण्याजवळची पायरी पहिली, वर बंगल्याजवळची सदतिसावी. त्या सकाळी उरलेल्या पावत्या द्यायला मीही वलवणला गेलो होतो. हवा गार होती, धरणावर धुके होते. ओला रंग तुडवला जाऊ नये म्हणून पेंटर खालून वर काढत येणार होते, म्हणून पाण्याशी जाऊन पहिल्या पायरीसमोर उकिडवे बसले. मी जवळच उभा. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "भाऊ, जरा वरनं टर्पेंटाइनची बाटली आना." मी छत्तीस पायऱ्या चढलो, सगळीकडे शोधले, बाटली काही मिळेना. रिकाम्या हाताने परत आलो तेव्हा ते तिसऱ्या पायरीवर होते. दुसरीवर सुरेख दोन होता. आणि पहिलीवर, जिथे एक हवा, तिथे लिहिले होते: लाभ.

मॅडम वरून पळत आल्या. आता पुसायला वेळ नव्हता, दहा वाजता हीरो यायचा होता. त्या रडकुंडीला आल्या. मीच पुढे होऊन त्यांना खळ्यावरची रीत समजावून सांगितली, की आमच्याकडे मोजणी लाभपासून होते, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातली सवय हातात उतरली, काय करणार. पेंटर माझ्याकडे बघत नव्हते. ते चार काढत होते. दिग्दर्शकाला बोलावले. त्याने पायरीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि खालीच बसला. सिनेमाचा शेवट त्याने तिथल्या तिथे बदलला असे म्हणतात. हीरो धापा टाकत उतरतो, पाच, चार, तीन, दोन, आणि शेवटच्या पायरीवर त्याला आकडाच सापडत नाही. तो तिथे बसतो आणि हसू लागतो. सिनेमा तिथे संपतो.

सिनेमा थिएटरात फारसा चालला नाही, पण मोबाइलवर आला आणि गाजला. चष्मेवाली मुले त्या शेवटच्या पायरीचा अर्थ सांगणारे व्हिडिओ काढू लागली. एकाने ते बाजारी व्यवस्थेवरचे भाष्य ठरवले, दुसऱ्याने मोक्ष. आम्ही एका रविवारी दुपारी पेंटरांच्या घरी टीव्हीला मोबाइल जोडून तो पाहिला. शेजारची एक कातकरी मावशी दारात बसून बघत होती. शेवट झाल्यावर ती म्हणाली, "मंग? पयल्यापास्नं लाभ म्हनला असता तर येवढं पळाया कशाला लागलं असतं त्याला?" इतके सरळ परीक्षण मी दुसरीकडे कुठे वाचले नाही. पेंटर हसले, पण उशिरा.

महिन्याभरात त्यांनी गाळ्याची चावी मुलाच्या हातात ठेवली. पडद्यावर आलं, आता याच्या वर काय काढायचं, असे म्हणाले. मुलाने पाया पडून घेतली. बोळाने शाल-श्रीफळ दिले, मीच चार शब्द बोललो. कलावंताला कुठे थांबावे हे कळले पाहिजे, असे काहीतरी मी बोललो होतो आणि ते मला तेव्हा फार चांगले वाटले होते. शपथेची आठवण कुणालाच झाली नाही. विजयी माणसाला कोण शपथ विचारतो? फळी सामानाबरोबर घरी गेली आणि गाळ्यात मक्याची भजी तळली जाऊ लागली. भजी चांगली असतात.

पुढे वर्षभराने मीही छापखाना बंद केला आणि वलवणकडे एका नव्या सोसायटीत तळमजल्यावर घर घेतले. घराचा नंबर एक. मला वाटले, देवानेच योग आणला. मी पेंटरांना निरोप धाडला, की माझ्या दारावर एक काढून द्या, एकटा एक, तुमच्या हातचा. ते आले, चहा प्याले, हवा दमट आहे म्हणून परत गेले. दुसऱ्यांदा आले, तेव्हा दाराचे पॉलिश त्यांना पसंत पडले नाही. तिसऱ्यांदा ब्रश घरी राहिला. चौथ्यांदा मी जरा चिडलोच. म्हटले, "पेंटर, एक तर काढायचाय. तुमचं एका दमाचं काम."

ते दाराच्या पायरीवर बसले. उजवा हात गुडघ्यावर ठेवला, आणि त्यावर डावा. "भाऊ," ते म्हणाले, "त्या दिशी तुमाला टर्पेंटाइन आनाया वर धाडलं व्हतं, ध्येनात हाय का?"

"आहे की. मिळाली नव्हती."

"कशी मिळंल? बाटली माज्या पिशवीत व्हती."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.

"एक मोडला व्हता. शेपटीला थरथरला. पुसला, पुन्ना काढला, पुन्ना तसाच. तिसऱ्यांदा बी. तुमी वर बाटली हुडकत व्हता, तवर पुसून लाभ लिवला. अक्षर वाकडं आलं तरी लोक समजून घेत्यात." मग म्हणाले, "बाकीचे निभावले. वळनात जिरलं, काय जोडीच्या आधारानं हुबं ऱ्हायलं. तवापास्नं फळी कोरीच व्हती, शिनेमाच्या नादात कुनी बघितली न्हाई. पोराला सांगू नका. मी जिकून उठलो आसं त्याला वाटतंय, वाटू द्या."

मला फार वाईट वाटले. त्यांच्या हाताचे वाटलेच, पण त्याहून जास्त वाटले ते त्या शाल-श्रीफळाचे. सगळा बोळ टाळ्या वाजवत होता आणि हा माणूस शाल सावरत तिथे एकटा बसला होता. मॅडमना खळ्यावरची रीत ऐटीत समजावून सांगणारा मीच, आणि भाषण ठोकणाराही मीच. मी म्हटले, "मग माझ्याकडेही लाभच लिहा. घरातली पहिली मोजणी आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतले, मी दया करतो की काय ते. मग पिशवीतून ब्रश काढला. तो तिन्ही वेळा पिशवीतच असणार. डाव्या हाताने उजवे मनगट धरून त्यांनी ती दोन अक्षरे लिहायला सगळी सकाळ घेतली. मी आत जाऊन पेपर वाचत बसलो. तो मी दोनदा वाचला.

आता कुरिअरची मुले येतात, काका, एक नंबर कुठाय, विचारतात आणि मी बोट दाखवतो. सोसायटीने सगळ्या दारांना नंबरांच्या सारख्या काळ्या पट्ट्या लावल्या, तेव्हा माझी पट्टी मी खाली, कुलपाच्या बाजूला लावून घेतली. पेंटर मधूनमधून लोकलने येतात. आले की बेल वाजवण्याआधी दारासमोर उभे राहतात, मान तिरकी करतात. परवाही तसेच आले. आत येऊन बसले आणि म्हणाले, "भचा दांडा हाललाय, भाऊ."

जन्म अक्षरांत गेलेल्या माणसाला तो न दिसायला काय झाले? वरून खाली येताना तो तीन ठिकाणी थरथरला आहे. रोज दार उघडताना मला तो दिसतो.

"मला तर नाही दिसत," मी म्हटले.

"तुमाला न्हाई दिसायचं," पेंटर म्हणाले, आणि दोन्ही हातांनी कप उचलून चहा प्यायला लागले.